डोक्याच्या दुखापतीनंतर माणसं सांभाळण्याचं कौशल्य कितपत परत आलंय, हे मोजायचं कसं?

नमस्कार. न्यूरोसायकॉलॉजी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा एचआरमधल्या कोणाची तरी मदत हवी आहे. ज्यांच्या घरी कोणी यातून गेलंय, त्यांनीही जरूर लिहा.

माझा दादा कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होता. गेल्या वर्षी उंचावरून पडला आणि कपाळामागच्या भागाला, फ्रंटल लोबला, मार बसला. आता चालणं, बोलणं, स्मरणशक्ती ठीक आहे. बुद्ध्यांकही चांगला आला. कंपनी परत घ्यायला तयार आहे, पण जुनी जागा झेपेल असं काहीतरी कागदावर दाखवा म्हणते.

परवा मी त्याला पाळ्यांचा तक्ता करायला दिला. नियम त्यानेच मला सांगितले: रात्रपाळीला लागून सकाळपाळी द्यायची नाही, प्रत्येक पाळीत एक तरी वेल्डर हवा. रकाने सुरेख आखले, आणि तिसऱ्याच ओळीत रात्रपाळी करून निघालेल्या माणसाला सकाळी पुन्हा उभं केलं. बोट ठेवल्यावर लगेच म्हणाला, "हो गं, हे चुकलंच." खाली पुन्हा तेच. मध्येच फोन आला, तो उठून गेला आणि तक्ता अर्धवट पडून राहिला. नियम तोंडपाठ आहेत, पण काम करताना त्यांचा लगाम राहत नाही.

शॅलिस आणि बर्जेस या मेंदूच्या दुखापतींवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. त्यांच्या तीन रुग्णांचे बुद्ध्यांक चांगले होते, पण बाजारात नेऊन थोडी खरेदी, थोडी माहिती गोळा करणं, ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचणं अशी कामं सोपवली की घडी विस्कटायची. दुसऱ्या चाचणीत पंधरा मिनिटांत सहा कामं थोडी थोडी करायची होती, तिथेही तसंच. टेबलावर समोर बसून एकेक प्रश्न विचारला, की पुढे काय करायचं हे परीक्षकच ठरवत असतो. दादाचे रिपोर्ट चांगले का येतात, ते मला यावरून उमगलं.

पेशींबद्दलही वाचलं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुधारणा होते ती सूज उतरल्याने, धक्क्याने गप्प झालेले भाग पुन्हा कामाला लागल्याने आणि उरलेल्या पेशींनी नव्या जोडण्या केल्याने. मोठ्या माणसांच्या हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणशक्तीशी निगडित भागात, नव्या पेशी तयार होतात असं १९९८ मध्ये दाखवलं गेलं, पण २०१८ मध्ये त्यावर एकमेकांच्या अगदी उलट निष्कर्ष छापून आले. शिवाय तो भाग कपाळामागचा नव्हेच. तेव्हा "पेशी वाढवणाऱ्या" गोळ्या कृपया सुचवू नका, अशा जाहिरातींवर घरात पुरेसे पैसे गेले आहेत.

आता खरा प्रश्न. कंपन्या बढतीसाठी माणसं पारखताना 'इन-बास्केट' नावाची चाचणी घेतात: पत्रं, तक्रारी, निरोप यांचा ढीग समोर ठेवायचा आणि काय आधी, काय नंतर, काय कोणाकडे सोपवायचं हे ठरवायला सांगायचं. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने १९५६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ती होती. निकाल कंपनीपासून लपवून ठेवले आणि पुढे बढती कोणाला मिळाली, ते ताडून पाहिलं. मला ही चाचणी आणि बाजारातली ती कामं सख्खी भावंडं वाटतात. दुखापतीनंतर कामावर परतणाऱ्याला कोणी इन-बास्केट दिली आहे का? त्याचे गुण न्यूरोसायकॉलॉजिस्ट ग्राह्य धरतात का?

एक अडचण मला सुटत नाही. अशा चाचणीचा कस तिच्या नवेपणात असतो. दर काही महिन्यांनी तीच दिली, तर मेंदू सुधारला की सराव झाला, हे कसं ओळखायचं? तितक्याच अवघड पण वेगळ्या आवृत्त्या मिळतात का?

आणि नेतृत्वाचं काय? दादाला स्वतःचं सगळं ठीक वाटतं. रोजच्या वागण्यात नियोजन करणं, स्वतःला आवरणं किती जमतं हे विचारणारी वीस प्रश्नांची डेक्स प्रश्नावली रुग्ण आणि जवळचा माणूस दोघांकडून भरून घेतात, तशी आम्ही भरली. आमच्या दोघांच्या उत्तरांत बरंच अंतर पडलं. त्याच्या हाताखालच्या लोकांकडून अपघातापूर्वीचं आणि आत्ताचं असं मत मागवलं तर ते धरलं जाईल, की जुन्या आपुलकीने सगळे चांगलंच लिहितील?

एमआरआय आणि चाचण्यांचे रिपोर्ट हाताशी आहेत, कोणाला त्यातलं काही विचारायचं असेल तर सांगते. हे लिहायला दादाची परवानगी आहे. कंपनीच्या डॉक्टरांची भेट जवळ आलीय, तेव्हा त्यांच्याकडे नेमकी कोणती तपासणी मागायची, एवढं आधी सांगितलंत तरी चालेल.