तमालपत्राची रोपे फांदीपासून घरच्या घरी कशी करावीत?

प्रश्न – आगरवाली, गुहागर
आमच्या आगरात सुपारीच्या रांगांमध्ये तमालपत्राचे एक जुने झाड आहे. घरात वर्षभर त्याचीच पाने वापरली जातात, आणि आता नणंदेला व शेजाऱ्यांनाही त्याचे रोप हवे आहे. पाऊस सुरू झाल्यावर काड्या तोडून आगरातल्याच मातीने भरलेल्या पिशव्यांत लावल्या की पंधरवड्यात पाने गळतात आणि काडी खालून काळी पडत जाते. रोपे याच झाडाची हवी असल्याने रोपवाटिकेतून दुसरे रोप आणायचे नाही. काडीला मुळे फुटण्यासाठी काय करावे?

उत्तर – जांभा, दापोली
आधी पान पाहावे. देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतील तर झाड दालचिनीच्या कुळातले आहे. आपल्याकडील आगरांत तमालपत्र म्हणून बहुधा दालचिनीच असते, आणि कोवळी काडी खरवडून वास घेतला की ते लगेच कळते. हिमालयाच्या पायथ्याच्या खऱ्या तमालपत्रालाही अशाच तीन शिरा असतात. भूमध्य समुद्राकाठच्या ‘बे लॉरेल’च्या पानाला मात्र मधोमध एकच मुख्य शीर असते आणि त्याच्या काडीला मुळे फुटायला कित्येक महिने लागू शकतात.

काडी काळी पडते ती बहुतेक मातीमुळे. संततधारेत पिशवीतली माती चिकट होऊन तळाशी हवा राहत नाही, आणि मुळे फुटण्याआधीच काडी कुजते. म्हणून मातीऐवजी धुतलेली वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात घ्यावा. लालसर पालवी नको आणि जून लाकूडही नको. पाने हिरवी होऊन घट्ट झालेली निमजून फांदी निवडून तिची सुमारे १० सेंमी लांबीची, दोन पाने असलेली काडी पेराच्या लगेच खाली धारदार चाकूने कापावी. कापलेल्या टोकाला मुळे फुटण्याचे संजीवक (आयबीए, २००० पीपीएम म्हणजे लिटरला २ ग्रॅम) लावून पिशव्या सावलीत, पागोळ्यांपासून दूर ठेवाव्यात आणि वरून पारदर्शक प्लास्टिक घालावे. मुळांना ४५ ते ६० दिवस लागतात. तोवर काडी उपटून पाहण्याचा मोह टाळावा.

उत्तर – माडबन, मालवण
वरील पद्धत बरोबर आहे, पण चार-सहा रोपांसाठी एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते घरच्या माणसाने गुटी कलमच करावे, कारण मुळे फुटेपर्यंत फांदीला झाडाकडून पाणी मिळत राहते आणि पाने गळण्याचा प्रश्नच येत नाही. निमजून फांदीवरची सुमारे २ सेंमी रुंदीची साल गोल काढून, आतला बुळबुळीत थर पुसून, तिथे ओला काथ्याचा भुसा प्लास्टिकमध्ये गच्च बांधावा. पावसाळ्यात ४० ते ५० दिवसांत प्लास्टिकमधून मुळे दिसू लागतात.

उत्तर – पारिजात, अलिबाग
बियांचाही विचार करावा. पिकलेली काळी फळे धुऊन, गर काढून बी लगेच पेरले तर दोन-तीन आठवड्यांत उगवते. ठेवलेले बी मात्र फार दिवस टिकत नाही.

उत्तर – जांभा, दापोली
बियांचे रोप सोपे खरे, पण ते मूळ झाडासारख्याच वासाचे निघेल याची खात्री नसते, आणि इथे तर हेच झाड हवे आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तेज’सारख्या दालचिनीच्या निवडक जातीचे गुण टिकवायचे असले तरी कलमाचाच मार्ग धरावा लागतो.

आगरवाली, गुहागर
पानाला तीन शिरा आहेत आणि काडीला दालचिनीचा वास येतो. परंतु हाताशी येतील अशा सर्व फांद्या जून आहेत. निमजून फांद्या शेंड्याकडे, शिडीवरूनही नीट पोहोचता येणार नाही अशा उंचीवर आहेत.

उत्तर – माडबन, मालवण
मग बुंध्यापासून निघालेल्या खोडांपैकी एक जमिनीजवळ कापावे. दालचिनी छाटणीला उत्तम दाद देते. खुंटातून सरळ फुटवे येतील, ते निमजून झाले की त्यांवरच गुटी बांधता येईल. मुळे दाट झाल्यावर गुटीच्या खाली कापून रोप पिशवीत लावावे आणि उन्हाळाभर सावलीत सांभाळून पुढच्या जूनमध्ये, पाणी साचणार नाही अशा जागी जमिनीत लावावे.