लिखा कशा काढता? आपापले अनुभव सांगा

पोट्टी मामाच्या गावाहून परवा आली. पिशवीत लोणचं, डोक्यात उवा. मेडिकलमधून औषध आणून लावलं, उवा मेल्या, पण लिखा तशाच. कानामागं आणि मानेवर तीळ पेरल्यासारख्या दिसतात. आमचं गाव घाटंजीकडं, आडमार्गाला. घरी कोणी कशा काढल्या ते लिहा. लाजू नका, शोधायला बसलो तर माझ्याही डोक्यात सापडल्या.
(पोरीची माय)

सासूबाईंची पद्धत सांगते. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर, ऊन तिरपं येतं तिथं बसवायचं. पूर्वी करंजीचं तेल चोपडायच्या, आता मी ओल्या केसांना कंडिशनरची पुडी लावते, फणी सरकते. एकेक बट घ्यायची, फणी टाळूला टेकवून शेंड्यापर्यंत ओढायची आणि दरवेळी पांढऱ्या फडक्याला पुसायची. तरी उरतात त्या नखानं. लीख उपटून निघत नाही, केसाभोवती डिंकाची नळीच असते तिची. अंगठ्याच्या अन् बोटाच्या नखात धरून केसाच्या टोकापर्यंत सरकवत न्यावी लागते. दोन नखांत दाबल्यावर टच् वाजली की समजायचं भरलेली, न वाजली तर बहुतेक रिकामं टरफल. लांब केसांच्या एका पोरीला तासभर जातो. मान दुखते, पोरगी रडते, आपण ओरडतो.
(दर्यापूरची सून)

एक सांगतो बापा, कपाशीच्या फवारणीचं औषध डोक्याले लावू नका. आमच्या गल्लीत एकीनं टोपणभर पाण्यात घालून पोरीच्या केसाले लावलं. अर्ध्या तासात पोरगी ओकायले लागली, तोंडातून लाळ. तालुक्याले नेली म्हणून वाचली. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात नुसतं फवारता फवारता माणसं गेली, अन् तेच औषध टाळूले चोळायचं? रॉकेल तर त्याहून येडेपणा, चूल पेटलेली असते घरात.
(वावरवाला)

सीताफळाच्या बियांची पूड! माझ्या मायनं खोबरेल तेलात कालवून लावली होती. उवा गेल्या खऱ्या, पण घामासोबत डोळ्यात उतरली. दोन दिवस डोळे उघडले नाहीत, डॉक्टर म्हणाले बुबुळाला इजा झाली. माय आजही म्हणते, 'तुनंच डोळे चोळले.' मी ती पूड घरात येऊ देत नाही.
(बुलढाणेकर)

मी आश्रमशाळेत शिकलो, मेळघाटात. सुट्टीहून आलं की सगळ्यांचे केस बारीक कापायचे. मुली फार रडायच्या. कापून उवा जायच्या, पण एका खोलीत वीस जणी, डोक्याला डोकं लावून झोपायचं. चौघींचे राहिले की महिन्यात पुन्हा सगळ्यांना. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, चालत जाते. म्हणून एका घरात एकाच दिवशी सगळ्यांची डोकी पाहा, नाहीतर मेहनत पाण्यात.
(धारणी)

आशाताई म्हणून थोडं. 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन धुतलेल्या, पुसलेल्या केसांना लावून 10 मिनिटांनी धुवा. त्यानं ऊ मरते, लिखा बऱ्याच वाचतात. लीख 7 ते 10 दिवसांत फुटते, म्हणून 9 दिवसांनी पुन्हा लावायचं असतं. लोक दुसरी वेळ विसरतात आणि औषधाला नावं ठेवतात. मधल्या काळात तीन-चार दिवसांआड फणी. टाळूपासून पाव इंचाच्या आतली लीख ताजी. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून लांबवर गेलेली पांढरी लीख बहुधा फुटून गेलेली असते, तिच्यासाठी झोप घालवू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरला विचारा. उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा. घर धुरवायची गरज नाही, डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपलीकडं जगत नाही.
(आशाताई)

मला टक्कल. धागा वाचून समाधान वाटलं.
(अकोलेकर)

सगळ्यांचे आभार. आज चौथा दिवस. फडक्यावर खसखशीएवढं एकच पिल्लू निघालं, लिखा अजून बऱ्याच आहेत. दुसऱ्या लोशनची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली. वहिनीला फोन करून सांगितलं, तुमच्याही पोरांची डोकी पाहा. ती म्हणे, 'आमच्याकडं नव्हत्या व माय, तुमच्याकडूनच आल्या असतील.'
(पोरीची माय)