शिकागो हलतं, मग लातूर का हलत नाही?

काळी_माती
मोबाइलवर शिकागोचा (अमेरिकेतल्या मोठ्या धान्यबाजाराचा) सोयाबीन वायदा, म्हणजे पुढच्या सौद्याचा भाव, 1050 दिसतोय. हे कशाचे 1050? दुसरं, ऐन शेंगा भरताना तीन आठवडे पावसाने दडी मारली, उतारा घटला, तरी आडतीवर भाव जिथल्या तिथे. आणि 18 टक्के मॉइश्चरचा (ओलाव्याचा) माल आत्ताच घालावा की वाळवून?

ढेप_तेल
1050 सेंट, एका बुशेलचे. सोयाबीनचं बुशेल 27.2 किलोचं. म्हणजे क्विंटलला 38.6 डॉलर, डॉलर 85 धरा, 3,280 रुपये झाले. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. एवढ्या फरकात बाहेरचा गिऱ्हाईक आपली पेंड (तेल काढल्यावर उरलेला चोथा) कशाला उचलेल?

खरी गोम पेंडीत आहे. 100 किलो दाण्यातून तेल 18 किलो, पेंड 82 च्या आसपास. तेल किलोमागे 10 रुपये चढलं तर क्विंटलला 180 आले. पेंड 10 रुपये उतरली तर 820 गेले. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं आयात शुल्क 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं, तरी त्या हंगामात सोयाबीन हमीभावाखालीच विकलं गेलं ते यामुळेच. त्यात इथेनॉल कारखान्यांतून मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढून उरलेला वाळवलेला चोथा) स्वस्तात येतं, पोल्ट्रीवाले तेच खाद्यात घालतात.

पाऊसपाणी
आपल्याकडच्या पावसाच्या खंडाने जगाचं काही अडत नाही, एकूण पिकात आपला वाटा जेमतेम 3 टक्के. पावसासाठी बघायचं ते अमेरिकेचा ऑगस्ट, ब्राझीलचा डिसेंबर-जानेवारी आणि अर्जेंटिनाचा जानेवारी-फेब्रुवारी. पेंड निर्यातीत अर्जेंटिना पहिला. 2022-23 ला तिथे दुष्काळ पडला आणि आपल्या पेंडीला बाहेर उठाव आला.

नुसत्या शिकागोवरही जाऊ नका. जगातल्या आयातीपैकी 60 टक्के सोयाबीन एकटा चीन घेतो. 2018 मध्ये त्याने अमेरिकी मालावर 25 टक्के शुल्क लावलं, तेव्हा शिकागो पडलं आणि ब्राझीलच्या बंदरावर मात्र जादा पैसे मोजावे लागले.

मापाडी
मॉइश्चरचं गणित सोपं आहे. 18 वरून 12 वर आणलं की 100 किलोचे 93.2 किलो उरतात (82 भागिले 88). वाळल्या मालाला 4,600 असेल तर ओल्याची किंमत 4,287. व्यापारी त्याहून बराच खाली मागत असेल आणि ऊन असेल तर वाळवा. मजुरी मात्र धरा.

ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून तीन-चारदा पाय फिरवायचा, दव पडायच्या आत झाकायचं. ओला ढीग तसाच झाकला तर आतून तापतो, बुरशी धरते, दाणा काळवंडतो. मग डागी म्हणून भावात वेगळी कट्टी (कपात). 9 पर्यंतही नेऊ नका, 12 च्या खाली क्विंटलला आणखी सव्वातीन किलो जातात आणि त्याचे जादा पैसे कुणी देत नाही.

काळी_माती
म्हणजे वाळवून उन्हाळ्यापर्यंत थांबलं तर?

पाऊसपाणी
फेब्रुवारी-मार्चात ब्राझीलचा नवा माल उतरतो. तिथे पीक चांगलं दिसत असेल तर निदान निम्मा जानेवारीतच मोकळा करा.