हजारपर्यंतच्या मूळ संख्या: ६२ अक्षरांच्या खाली कसं जायचं?

गणिताच्या_बाई
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पैज लावून दिली: पायथनमध्ये १ ते १००० मधल्या मूळ संख्या मोजा. उत्तर १६८ यायला हवं, प्रोग्राम जितका लहान तितके गुण जास्त. मोकळी जागा आणि नवी ओळही अक्षर म्हणून धरायची.

माझा स्वतःचा ६२ वर अडलाय. २ पासून प्रत्येक आकड्याला त्याच्याहून लहान सगळ्या आकड्यांनी भागते. बाकी एकदाही शून्य आली नाही तर तो मोजते. व्हेरिएबलची नावं एकाक्षरी केली, जागा काढल्या. आता कात्री कुठे लावू? एका मुलीचा ५३ अक्षरांत झालाय, पण युक्ती सोमवारीच सांगणार म्हणते. मला त्याआधी कळायला हवी!

पाढेवाला
बाई, भागायचं सोडा, पाढे लिहा. २ ते १०० आकड्यांना २ ते १०० नीच गुणा. ९८०१ गुणाकार होतात. १०० पर्यंतचा जो आकडा त्यांत कुठेच सापडत नाही, तो मूळ. असे २५ उरतात. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल या प्रोग्रामिंग भाषेत ही यादी १७ चिन्हांत निघते, कारण तिथे अख्खा पाढ्यांचा तक्ता ही एकच क्रिया आहे. पायथनमध्ये मात्र दोन 'फॉर' (फेऱ्या मारायच्या आज्ञा) लागतात, त्यामुळे इतका लहान होणार नाही. तरी वर्गात फळ्यावर दाखवाच. मला मूळ संख्या खऱ्या अर्थानं यातूनच कळल्या.

रात्रपाळी
मुलीनं विल्सनचं प्रमेय वापरलं असणार: एन मूळ असेल तर १ ते एन वजा १ यांच्या गुणाकाराला (म्हणजे क्रमगुणिताला) एन नं भागून बाकी एन वजा १ येते. 'पी' १ पासून सुरू करा. 'एन' १ ते १०००: पी ला एन नं भागून येणारी बाकी बेरजेत टाका, मग पी ला एन च्या वर्गानं गुणा. शेवटी बेरीज छापा. मी मोजली, बरोबर ५३ अक्षरं. पी हा त्या गुणाकाराचा वर्ग, म्हणून एन मूळ असेल तर बाकी १, नाहीतर ०. त्यामुळे 'इफ' (अट) लागतच नाही, बाकी हीच मोजणी! फक्त १०,००० पर्यंत नेलंत तर पी सत्तर हजारांहून जास्त अंकी होतो, तेव्हा वेगाची अपेक्षा ठेवू नका.

गणिताच्या_बाई
चाललं! १६८ आलं. पण वर्ग कशाला, म्हणून नुसत्या एन नं गुणून पाहिलं, तर ७५,९६१. अर्धा तास वही घेऊन बसले. वर्ग नसेल तर मूळ संख्येची बाकी १ नाही, एन वजा १ येते. हजारपर्यंतच्या मूळ संख्यांची बेरीज ७६,१२७, त्यातून १६८ गेले: ७५,९५९. दोन जास्त कुठून आले? ४ कडून! ३ चं क्रमगुणित ६, त्याला ४ नं भागलं की बाकी २. इतर सगळ्या संयुक्त (मूळ नसलेल्या) संख्या शून्य देतात, एकटा ४ देत नाही. वर्ग केला की ३६, आणि तोही शून्यावर येतो. सोमवारी त्या मुलीला पहिला प्रश्न ४ चाच विचारणार.