मदत हवी आहे : इतिहासात एम.ए. करण्यासाठी कोल्हापूर की बेळगाव?

सीमेवरची_वाचक
नमस्कार. मला इतिहासात एम.ए. करायचे असून प्रवेश कोल्हापूरला घ्यावा की बेळगावला, हे या आठवड्यातच ठरवायचे आहे. ज्या महाविद्यालयातून मी बी.ए. केले, तेथील कार्यालयात चौकशी केली असता एका लिपिकाने ‘महाराष्ट्रातील पदवी कर्नाटकात चालत नाही’ असे सांगितले आणि शेजारच्या लिपिकाने ‘पदवी चालते, सेट (सहायक प्राध्यापक पदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) चालत नाही’ असे सांगितले. दोघांनीही याहून अधिक बोलण्यास नकार दिला. मी बेळगाव जिल्ह्यातील एका खासगी मराठी शाळेत शिकवते. नोकरी सोडणे शक्य नाही आणि उत्तरपत्रिका मराठीतूनच लिहिण्याची इच्छा आहे. ज्यांनी स्वतः ही वाट धरली आहे, त्यांनी कृपया स्पष्ट सांगावे. ‘इतिहास घेऊन पुढे काय करणार’ ही चर्चा घरी पुष्कळ झाली आहे; ती येथे नको.

टिळकवाडी
ताई, उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. बी.ए.ला इतिहास होता का? त्या परीक्षा कोणत्या माध्यमातून दिल्या? नियमित वर्गांना जाणे जमणार आहे, की दूरस्थ शिक्षण हवे आहे? शिवाय बेळगाव जिल्हा अथणीपासून खानापूरपर्यंत पसरलेला आहे. आपण नेमक्या कोठे राहता?

स्पर्धापरीक्षा_मार्गदर्शक
मॅडम, एम.ए.मध्ये दोन वर्षे घालवण्यापेक्षा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा विचार करावा, असे मी मनापासून सुचवतो. तेथे इतिहास हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी असते.

सीमेवरची_वाचक
स्पर्धा परीक्षेविषयी मी विचारलेले नाही. टिळकवाडी, बी.ए.ला इतिहास होता, गुण पंचावन्न टक्क्यांच्या वर आहेत, दहावीपर्यंत मराठी माध्यम होते आणि बी.ए.ची उत्तरे इंग्रजीतून लिहिली. मला आधी एवढेच सांगा, की पदवी चालते की नाही?

निवृत्त_प्राध्यापक
पदवी चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या विद्यापीठाची पदवी देशभर ग्राह्य धरली जाते. मान्य संस्थेतून दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवीसुद्धा नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

दुसऱ्या लिपिकाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जून २००२ पासून झालेल्या राज्य पात्रता परीक्षांत उत्तीर्ण झालेला उमेदवार केवळ त्याच राज्यातील महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरतो. महाराष्ट्राची सेट दिली तर ती महाराष्ट्रात चालेल, कर्नाटकाची के-सेट दिली तर ती कर्नाटकात चालेल. मात्र एम.ए. कोठून केले, यावर कोणती सेट द्यायची हे ठरत नाही. राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा, म्हणजे नेट, दोन्ही राज्यांत चालते. म्हणून सीमाभागातील विद्यार्थ्याने शक्यतो नेटचीच तयारी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खुल्या प्रवर्गासाठी नेटला एम.ए.चे पंचावन्न टक्के लागतात आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, हे मराठीतून एम.ए. करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवलेले बरे.

माध्यमाचे म्हणाल, तर शिवाजी विद्यापीठात इतिहासाचे एम.ए. मराठीतून करता येते. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात अध्यापन कन्नड आणि इंग्रजीतून चालते. मराठीचा आग्रह कायम असेल, तर या एका मुद्द्यावर कोल्हापूर पुढे आहे.

खडेबाजार
नोकरी आहे ना? मग दूरस्थ शिक्षण हाच मार्ग योग्य आहे. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रातून प्रवेश घ्या, पुस्तके घरी बसून वाचा आणि परीक्षेपुरते जा. माझ्या भावाने असेच केले आणि त्याचे काहीही अडले नाही.

निवृत्त_प्राध्यापक
खडेबाजार, आपल्या बंधूंनी ते कधी केले, हे आपण लिहिलेले नाही. राज्य विद्यापीठांना दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाहीत. त्यामुळे अभ्यास केंद्र आणि परीक्षा केंद्र महाराष्ट्रातच असणार. कर्नाटकातील पत्ता असलेल्या विद्यार्थ्याला सध्या कोणत्या अटींवर प्रवेश मिळतो, हे त्या केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर शुल्क भरू नये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला राज्याची सीमा आड येत नाही, परंतु तेथील इतिहासाचे एम.ए. हिंदी आणि इंग्रजीतूनच आहे.

मोडीवाचक
आपण सर्वजण पदवीच्या कागदाविषयी बोलत आहात. इतिहासाच्या कागदांविषयी कोणीच बोलत नाही. ताई, प्रवेश कोठेही घ्या, परंतु मोडी लिपी आजच शिकायला लागा. आपल्या भागातील वतने, इनामे, देसायांचे व्यवहार, गावोगावचे तंटे हे सारे मोडीत आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिण मराठा मुलखातील घराण्यांच्या सनदा तपासल्या गेल्या. त्या काळचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही या परिसराशी संबंधित पुष्कळ सामग्री आहे.

हलशी
मोडीवाचकांचा आग्रह नेहमीचाच आहे आणि तो एकांगी आहे. बेळगावचा इतिहास अठराव्या शतकात सुरू होत नाही. माझ्या खानापूर तालुक्यातील हलशी ही कदंबांची राजधानी होती. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर रट्ट राजघराण्याच्या काळातील आहे आणि त्या घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या वेळचे १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. ते हळेगन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये आहेत. ज्याला येथील मध्ययुग अभ्यासायचे आहे, त्याने कन्नड टाळून चालणार नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील कन्नड संशोधन संस्थेत शिलालेखांचे काम दीर्घकाळ झाले आहे. माझे मत विचाराल तर कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही सोडून धारवाडला जावे.

मोडीवाचक
कन्नड नको असे मी कोठेही म्हटलेले नाही. परंतु शिलालेख बहुतांशी वाचून छापले गेले आहेत, तर मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, अजून सोडलेही गेलेले नाहीत. नव्या विद्यार्थ्याने जेथे काम उरले आहे तेथे जावे.

हलशी
छापलेले शिलालेख पुन्हा तपासायचे नसतात, ही समजूत इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. शेतात आणि देवळांच्या आवारात पडलेले, कोणीही न नोंदवलेले दगड मी स्वतः पाहिले आहेत.

टिळकवाडी
दोघांनाही विनंती आहे, की ताईंना कोणत्या काळात रस आहे, हे आधी विचारावे. ताई, आपण गाव सांगितलेले नाही आणि विषयही सांगितलेला नाही. त्याशिवाय आम्ही सारे अंधारात तीर मारत आहोत.

सीमेवरची_वाचक
मी निपाणीची आहे. याने काय फरक पडतो, ते मला कळत नाही. विषय म्हणाल, तर निपाणीची तंबाखूची बाजारपेठ आणि विड्या वळणाऱ्या स्त्रिया यांच्यावर मला लघुप्रबंध लिहायचा आहे. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या आजींनी सारे आयुष्य विड्या वळण्यात घालवले आणि त्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळही नाही, हे मला सहन होत नाही. म्हणूनच मला मराठीतून लिहायचे आहे. शाळा सकाळची आहे, दुपारनंतर मी मोकळी असते.

निवृत्त_प्राध्यापक
फरक फार मोठा पडतो. आम्ही सर्वजण आपण बेळगाव शहरात आहात असे धरून बोलत होतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटरवर, थेट महामार्गावर आहे; बेळगाव त्याहून बरेच दूर पडते. शाळा सकाळची असेल, तर विभागाचे वेळापत्रक आणि उपस्थितीची अट विचारून नियमित प्रवेशाचा विचार अवश्य करावा. कागल किंवा गडहिंग्लज परिसरातील एखाद्या संलग्न महाविद्यालयात इतिहासाचे पदव्युत्तर वर्ग आहेत का, तेही पाहावे. सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी काही शुल्कसवलत असल्यास तिची चौकशी त्याच वेळी करावी.

आणि विषय उत्तम आहे. त्यासाठी आपल्याला तूर्त मोडीही लागणार नाही आणि हळेगन्नडही लागणार नाही. पार्श्वभूमीसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा बेळगाव खंड पाहावा. १९५६ पर्यंत जिल्हा मुंबई राज्यात असल्यामुळे त्या काळातील महसुली कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात जावे लागेल आणि त्यानंतरच्या सरकारी कागदांसाठी कर्नाटकाकडे. ही विभागणी आपल्या भागातील प्रत्येक संशोधकाच्या वाट्याला येते. कामगारांच्या बाजूने १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आहे. तंबाखू उत्पादकांच्या बाजूने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील १९८१ चे निपाणीचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार आहे. त्या आंदोलनाविषयी शेतकऱ्यांच्या अंगाने लिहिले गेले आहे. विड्या वळणाऱ्या बाईच्या घरात त्या दिवसांत काय चालले होते, हे आपण विचारू शकता आणि ते विचारण्यासाठी प्रवेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलाखतीपूर्वी संमती घ्यावी, ध्वनिमुद्रणावर नाव, गाव आणि तारीख नोंदवावी व बोलणे ज्या बोलीत झाले त्याच बोलीत उतरवून काढावे.

मोडीवाचक
विषय खरोखर चांगला आहे. तरीही निपाणीकर देसायांच्या काळातील बाजारपेठेविषयी एक प्रकरण घेतले, तर मोडी लागेल, एवढे नमूद करतो.

हलशी
मुलाखतींसाठी बोलीभाषेतील कन्नडही लागेल. विड्या वळणाऱ्या सर्वच स्त्रिया मराठी बोलतात असे नाही.

सीमेवरची_वाचक
बाजारापुरते कन्नड मला बोलता येते. मुलाखतीपुरते येईल असे पाहीन. शनिवारी शाळा सुटल्यावर कोल्हापूरला विभागात जाऊन वेळापत्रक, उपस्थिती आणि सवलत यांविषयी विचारणार आहे. कर्नाटकातील विद्यापीठाचे मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्यासाठीचे) प्रमाणपत्र तेव्हाच बरोबर न्यावे लागेल का?

टिळकवाडी
चौकशीसाठी गुणपत्रिका पुरेशा आहेत. परंतु त्या प्रमाणपत्राचा अर्ज उद्याच करा, कारण ते हाती येण्यास वेळ लागतो, आणि दुसऱ्या राज्यात प्रवेश पक्का करताना ते मागितले जाते. अर्जाची पोचपावती मात्र शनिवारी बरोबर ठेवा.