‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी’ की ‘बऱ्यापैकी’?

परळची भाषांतरकार:
गेल्या महिन्यात लंडनहून आलेल्या अभिप्रायात आमच्या मसुद्याला ‘क्वाइट गुड’ म्हटले होते. सहकाऱ्यांनी त्याचे मराठी ‘अगदी उत्तम’ असे करून वरिष्ठांकडे पाठवले आणि आठवड्याभरात तोच मसुदा दुरुस्तीसाठी परत आला. ब्रिटिश इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ म्हणजे बहुधा ‘बरा आहे’ एवढेच, आणि बोलताना ‘क्वाइट’वर जोर दिला, तर पुढचा न उच्चारलेला ‘पण’ही ऐकणाऱ्याला कळतो. म्हणून शाळेत या शब्दाचा अर्थ ‘बऱ्यापैकी’ असाच शिकवावा, असे माझे ठाम मत आहे.

दादरची शिक्षिका:
ताई, अनुभव खरा असला तरी निष्कर्ष मान्य नाही. ‘क्वाइट इम्पॉसिबल’चे मराठी आपण ‘बऱ्यापैकी अशक्य’ असे करणार का? अशक्य, रिकामे, वेगळे अशा विशेषणांपुढे हा शब्द ‘पूर्णपणे’ याच अर्थाने येतो आणि तोच त्याचा जुना अर्थ आहे. जुन्या फ्रेंचमधला ‘मोकळा, सुटलेला’ या अर्थाचा शब्द १४व्या शतकात इंग्रजीत ‘पुरता’ म्हणून रुळला. ‘बऱ्यापैकी’ ही छटा १९व्या शतकातली. ‘नॉट क्वाइट’ म्हणजे ‘पुरते नाही’, तेही त्यामुळेच. मुलांना आधी मूळ अर्थ कळू द्या.

अंधेरीचा वाचक:
मला दोन्ही मते अपुरी वाटतात. आमचा पत्रव्यवहार अमेरिकेशी चालतो आणि तिकडे ‘क्वाइट गुड’ ही बहुतेक वेळा मनापासून केलेली स्तुती असते. तिथे ‘बऱ्यापैकी’ लिहिले, तर समोरच्यावर अन्याय होईल. शिवाय आपल्या ‘बरा’कडे पाहा. ‘जेवण बरे होते’ म्हणताना हात आखडता असतो, पण ‘बरेच लोक आले’ म्हटले की गर्दी दिसते. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे नेमके हेच ‘बरेच’, जरी ‘फ्यू’चा अर्थ ‘थोडे’ असला तरी.

परळची भाषांतरकार:
‘अशक्य’चे उदाहरण मान्य आहे; तिथे माझा नियम टिकत नाही. ‘बरे’ आणि ‘बरेच’ ही जोडी तर मी उद्याच सहकाऱ्यांना दाखवणार आहे. परंतु ‘गुड’, ‘नाइस’, ‘इंटरेस्टिंग’ यांच्यापुढे ‘क्वाइट’ आला आणि पत्र ब्रिटनमधून आलेले असले, तर माझ्या हाताखालच्या कोणालाही मी ‘अगदी’ लिहू देणार नाही.