पहिली नोकरी सोडताना राजीनामा केव्हा आणि कसा द्यावा?

हिशेबनीस_भोसरी (प्रश्न)
बी.कॉम. झाल्यावर मी भोसरीतील यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लेखा सहायक म्हणून रुजू झालो. टॅलीमधील नोंदी, बँक खात्याचा ताळमेळ आणि जीएसटी विवरणपत्रांची तयारी ही कामे माझ्याकडे आहेत. नियुक्तीपत्रानुसार सहा महिन्यांच्या परिवीक्षा काळात सात दिवसांची आणि कायम झाल्यावर तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. सहा महिने केव्हाच उलटले, परंतु कायम केल्याचे पत्र मिळालेले नाही. आता दुसऱ्या कंपनीने निवड कळवून पंधरा दिवसांत हजर होण्यास फोनवर सांगितले आहे. मी किती दिवसांची सूचना द्यावी? शेठनी मला हाताला धरून काम शिकवले असल्याने एकदम ईमेल पाठवणे प्रशस्त वाटत नाही.

जुना_कारकून
आधी नव्या कंपनीकडून पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेले पत्र लेखी मिळवा. फोनवरच्या शब्दावर राजीनामा देऊ नका. पत्र हाती येईपर्यंत कार्यालयात कोणाजवळही, अगदी जवळच्या सहकाऱ्याजवळही, हा विषय काढू नये, कारण शेठना ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळली तर त्यांना ती अधिक लागेल.

लेखापाल_चिंचवड
मी तीस दिवसांच्या बाजूने आहे. परिवीक्षा संपल्यावर आपोआप कायम झालात की नाही, हे नियुक्तीपत्राच्या शब्दांवर ठरते. पण लेखा विभागातील माणूस सात दिवसांत निघाला तर कामाची घडी विसकटते, हे तुम्हीही जाणता. दरमहा उलाढाल कळवणाऱ्या व्यवसायाला जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र) 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे विवरणपत्र) 20 तारखेपर्यंत भरावे लागते. म्हणून 23 जूनला राजीनामा देऊन 22 जुलै हा अखेरचा दिवस ठरवला, तर तीस दिवसही पूर्ण होतील आणि जूनची दोन्ही विवरणपत्रे तुमच्या हातूनच जातील. नव्या कंपनीला हे कारण स्पष्ट सांगून मुदत मागा; जबाबदारीने निघणारा उमेदवार कोणत्याही लेखा विभागाला हवाच असतो.

शेठना सकाळच्या गर्दीत गाठू नका. दुपारनंतर वेळ मागून केबिनमध्ये समोरासमोर सांगा आणि त्याच दिवशी ईमेल पाठवा, म्हणजे सूचनेची तारीख नोंदली जाईल. मजकूर इतका पुरे: ‘मी लेखा सहायक या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीनुसार 30 दिवसांची पूर्वसूचना आजपासून धरावी. माझ्या कामाचा अखेरचा दिवस 22 जुलै असेल. या काळात सर्व कामे मी लेखी स्वरूपात हस्तांतरित करीन.’ त्यात तक्रारी लिहू नयेत आणि नव्या कंपनीचे नावही घालण्याचे कारण नाही.

हस्तांतराच्या यादीत सस्पेन्स खात्यातील न उलगडलेल्या रकमा आणि पुरवठादारांची अडलेली बिले कारणांसह लिहा. एक गोष्ट हमखास राहून जाते: छोट्या कारखान्यांत जीएसटी किंवा माल नेण्यासाठी लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर कर्मचाऱ्याचाच मोबाईल क्रमांक दिलेला असतो. तो आधीच बदलून घेतला नाही, तर तुम्ही गेल्यावर माल गाडीत भरून उभा राहील आणि ओटीपी मात्र तुमच्या फोनवर येत राहील.

सल्ला_पिंपरी
वरील सल्ला मनाला पटणारा असला, तरी नवी कंपनी थांबण्यास तयार नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच. उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर कार्यमुक्त होण्याची सोय नियुक्तीपत्रात आहे का, ते पाहा. नसेल तर शेठना तशी विनंती करा आणि त्यांचा होकार ईमेलवर घ्या. मंजुरीशिवाय कामावर येणे बंद करणे हा मार्ग मला मान्य नाही. कार्यमुक्ती पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र अडले, तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी त्याचा खुलासा करावा लागतो.

हिशेबनीस_भोसरी
आपणा सर्वांचा आभारी आहे. नव्या कंपनीकडे लेखी पत्र आणि वाढीव मुदत दोन्ही मागितली आहेत. अखेरचा पगार आणि भविष्य निर्वाह निधी यांचे काय करावे?

लेखापाल_चिंचवड
21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेच्या कलम 17 नुसार, राजीनामा देऊन गेलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कार्यदिवसांत द्यावे लागते. तरीही अनेक ठिकाणी महिना-दीड महिना थांबायला सांगतात, म्हणून अखेरच्या आठवड्यातच हिशेबाचा कागद मागून ठेवा. निधीची रक्कम काढण्याची घाई करू नका. नव्या कंपनीला जुनाच यूएएन (निधीचा कायम राहणारा सदस्य क्रमांक) द्या आणि शिल्लक तिकडे वर्ग करा. जुन्या कंपनीने निधीच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, ते तपासा. दोन महिने उलटूनही ती नोंद झाली नसेल, तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवरील ओटीपीच्या आधारे तुम्हाला ती स्वतः करता येते.